दहा चौकटींची यादी

शाईत अंगठा दाबला तेव्हा माझ्या कपाळावर घाम आला होता. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पोलीस कचेरीतला हीटर बेताचाच होता, बाहेर गुडघाभर बर्फ. तरी घाम. समोरची गोरी क्लार्क बाई माझं एकेक बोट धरून कागदावर लोळवत होती. पोलिसांच्या कॉम्प्युटरवर काम करायचं म्हणजे आधी बोटांचे ठसे द्यावे लागतात, तसा नियमच होता. माझ्यामागे अभिजित उभा होता. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. मूळचा पुण्याचा, अमेरिकेत नोव्हायला येऊन पंधरा वर्षं झालेली. समोर असताना मी त्याला अहो-जाहो करत असे. इथे मुद्दाम एकेरी लिहितेय. त्याचे ठसे आधीच झाले होते आणि तो टिश्यूने बोटं पुसत होता.

"काय गं, एवढा घाम? चोरी-बिरी करून आलीस की काय?"

मराठीत म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. पण त्याने त्या बाईसाठी तेच इंग्रजीत सांगितलं. आमची ही मुलगी बघा, चोरासारखी घाबरलीय. बाई हसली. दारातला सार्जंट हसला. आणि मीही हसले. चांगली दात दाखवून हसले. ते हसणं मला अजून सलतं.

मी पारधी आहे. हे वाक्य आता लिहायला दोन सेकंद लागले. बोलायला तीस वर्षं लागली.

माझा आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये राहिला. इंग्रजांनी आमच्यासारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसातून तीनदा हजेरी. वहीत नाव, नावापुढे अंगठा. स्वातंत्र्यानंतर कायदा रद्द झाला, तार कापली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गावात कुणाची कोंबडी गेली तरी पोलीस आमच्याच पालावर. बापाला नेत, चार दिवसांनी सोडत. बाप घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपे. त्याने काही केलं होतं का, हे आई विचारत नसे, कारण पोलिसांनीही विचारलेलं नसे.

सातवीत असताना आमच्या बाईंचं कानातलं हरवलं. वर्गात बेचाळीस पोरं. बाईंनी एकटीला मला पुढे बोलावलं. दप्तर ओतायला लावलं. मग वेण्या सोडायला लावल्या, केसांत लपवलं असेल म्हणून. मी मोकळ्या केसांनी फळ्यापाशी उभी राहिले. दुपारी ते कानातलं बाईंच्याच पदराच्या पिनेत अडकलेलं सापडलं. बाई म्हणाल्या, "जा, बस जागेवर." वेण्या घालायला मला कुणी वेळ दिला नाही. तो अख्खा दिवस मी तशीच बसले.

तेव्हापासून मी सावध झाले. इंजिनिअर झाले, अमेरिकेला आले, तरी सावधच. दुकानात हात खिशात घालत नाही. आमचं आडनाव असं की लोक मला मराठा समजतात. मी समजू दिलं. नोव्हायमध्ये मराठी घरी पार्टी असली की सगळ्यांचे कोट आणि बायकांच्या पर्सेस बेडरूममधल्या पलंगावर टाकतात. त्या खोलीत मी कधी एकटी गेले नाही. दुसरं कुणी निघालं की त्याच्याबरोबर जायचं, आपला कोट उचलायचा आणि आधी बाहेर यायचं. कुणाच्या हे कधी लक्षात आलं नाही. मला मात्र दर वेळी पलंगावर किती पर्सेस होत्या ते आठवे.

आता कामाचं सांगते.

मोटारीच्या कारखान्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली तशी आमची कंपनी सरकारी कामं धरायला लागली. त्यातलं हे एक. नोव्हायपासून चार तास उत्तरेला एक काउंटी. तिच्या पोटात एक रिझर्वेशन, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांकडे उरलेली जमीन. तिथल्या पोरांमध्ये टोळ्या शिरल्या होत्या. शिरल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. नशेच्या गोळ्या विकत होते, चाकू चालवत होते. काउंटीच्या पोलिसांना टोळीवाल्यांची यादी कॉम्प्युटरवर हवी होती. अकरा सप्टेंबरनंतरची ती वर्षं. ज्याला त्याला कुणाची ना कुणाची यादी हवीच होती.

सार्जंटने आम्हाला एक कागद दिला. त्यावर दहा चौकटी. ठरावीक रंगाचे कपडे. कपड्यांवर खूण किंवा चित्र. अंगावर गोंदण. घरातल्या कुणाचं पोलिसांत नाव. यादीतल्या माणसाबरोबर दिसणं. अशा दहा. दोन चौकटींवर टिक पडली की माणूस संशयित. तीन पडल्या की टोळीचा सदस्य. गुन्हा केला का, अशी चौकट त्यात नव्हती. तो नियम मी कोडमध्ये लिहिला. दीड दिवसात लिहिला आणि तो इतका फास्ट चालला की अभिजितने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. गोंदणाच्या चौकटीपाशी मला आईची हनुवटी आठवली होती. तिथे तीन हिरवे ठिपके आहेत. मी पुढची ओळ लिहायला घेतली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. यादीत नाव घालायचं बटण होतं. काढायचं नव्हतं. मी विचारलं नाही.

मार्चमध्ये मला रिझर्वेशनवर पाठवलं, तिथल्या पोलिसाला सिस्टिम शिकवायला. तिथे त्यांचे स्वतःचे दोनच पोलीस. त्यातला एक रॉय, त्याच जमातीचा, पन्नाशीचा, अंगाने भरलेला. त्याने माझा लॅपटॉप पाहिला आणि म्हणाला, मला या पोरांची नावं त्यांच्या बारशापासून माहीत आहेत, हे घेऊन काय करू? मग तो मला कम्युनिटी हॉलमध्ये घेऊन गेला. बुधवार होता.

हॉलमध्ये पंचवीस-तीस पोरं जेवत होती. मोठ्या पातेल्यातून सूप वाढत होती डोरिन. वय अडुसष्ट, पाठीवर पांढरी वेणी. सगळी पोरं तिला आंटी म्हणत होती. तिचा धाकटा मुलगा टोळीच्या भांडणात भोसकला गेला. त्यानंतर तिने हे बुधवार सुरू केले. कुठल्या पोराचं वागणं फिरलं असं कळलं की डोरिन आणि रॉय त्याच्या घरी जाऊन बसत. भाषण नाही, धमकी नाही. आईशी बोलत, चहा पीत, परत जात. पुन्हा पुढच्या आठवड्यात. बर्फ वितळायला लागला की त्या पोराला मेपलच्या रानात न्यायचं. झाडांचा गोड रस गोळा करायचा, पाक होईपर्यंत चार-चार दिवस आटवत बसायचं. आगीपाशी म्हातारे, शेजारी पोरं. रॉय म्हणाला, सगळे सुधारतात असं नाही, पण जे परत आले ते असेच आले.

मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. पोलिसाबरोबर घरोघर जाणारी बाई म्हटल्यावर मला खबरीच आठवला. आमच्या पालावर असा एक होता.

डोरिनचाही माझ्यावर विश्वास नव्हता. वाटी माझ्यासमोर ठेवली आणि उभ्याउभ्या विचारलं, "तुझ्या त्या मशीनमध्ये माझं नाव आहे का?"

"तुमचं कशाला असेल?" मी म्हणाले.

आणि तिची खात्री पटावी म्हणून मीच तिचं नाव टाइप केलं.

लाल अक्षरं आली. सदस्य. खाली तीन चौकटींवर टिक. ठरावीक रंगाचे कपडे, कपड्यांवर चित्र, यादीतल्या माणसांची संगत. पुरावा म्हणून एक फोटो. फोटोत चौदा माणसं, सगळ्यांच्या अंगात जांभळे टी-शर्ट, शर्टावर एका तरुण पोराचा चेहरा. मध्यभागी डोरिन. तिच्या मांडीवर एक तान्हं बाळ, त्यालाही जांभळंच झबलं.

डोरिन स्क्रीनवर वाकली. त्या शर्टावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हा माझा मुलगा."

मग रॉयने सांगितलं. माणूस गेल्यावर वर्षाने त्यांच्याकडे मोठं जेवण घालतात. गेलेल्याच्या आवडीच्या रंगाचे शर्ट शिवतात, त्यावर त्याचा फोटो छापतात, आणि सगळं घरदार ते घालून जेवायला बसतं. आपल्याकडे वर्षश्राद्ध असतं तसंच. तो फोटो या हॉलच्या भिंतीवर लावलेला होता. मध्ये काउंटीचे पोलीस येऊन गेले, नंतर फोटो दिसला नाही. पडला असेल म्हणून कुणी विचारलं नाही.

डोरिनने ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. बुधवारची पोरं शाळेची, त्यामुळे त्यांच्यात काम करायला तिला दर वर्षी शाळेची परवानगी लागे, आणि शाळा आधी काउंटीच्या पोलिसांकडे नाव तपासून घेई. या वर्षी ती अडकली होती. कारण सांगता येत नाही, असं पत्रात लिहिलेलं. परवानगी नाही तर बुधवार नाही. बुधवार बंद झाले की ती पोरं संध्याकाळी कुठे जातील हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. ज्या टोळीने पोरगा मारला, त्याच टोळीत आईचं नाव.

"हे कुणी ठरवलं?" रॉयने विचारलं.

"सिस्टिम ठरवते," मी म्हणाले.

खोटं बोलले. सूप तसंच राहिलं. चार तास ड्राइव्ह करून परत आले आणि त्या चार तासांत एकदाही रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी अभिजितला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. शांत माणसांची मला भीती वाटते.

"अगं, डेटा कस्टमरचा आहे. आपण फक्त कोड लिहितो. एन्ट्री त्यांनी केली ना, मग?"

मी म्हटलं, निदान नाव काढायची सोय तरी करू. तो म्हणाला ते स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, नाही, पुढच्या टप्प्यात, फेज टूमध्ये बघू, आणि पुढच्या महिन्यात काउंटी बोर्डासमोर डेमो आहे तो तूच द्यायचा आहेस. मी तरी उठेना. तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला.

"तुला एवढा पुळका कशाचा?"

"माझ्या आजोबांचं नाव अशाच एका वहीत होतं. आम्ही पारधी."

टेबलावर त्याचा मोबाइल होता. त्याने तो उचलून आपल्या बाजूला ठेवला. सहज ठेवला असेल. मी संशयी आहे, मला माहीत आहे. पण मी पाहिलं ते पाहिलं.

"ओह," तो म्हणाला. "मी असलं काही मानत नाही हं." मग ड्रॉवर लावता लावता म्हणाला, "तुझे ग्रीन कार्डचे पेपर्स माझ्याकडेच आहेत ना सध्या. जरा सांभाळून."

त्या शनिवारी त्याच्याच घरी गुढीपाडव्याचं जेवण होतं. मी मुद्दाम गेले. कोट नेहमीसारखे पलंगावर टाकलेले. पर्सेस नव्हत्या. हॉलमध्ये बायका पुरी-श्रीखंडाची ताटं हातात घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकीची पर्स तिच्या मांडीवर होती. अभिजितच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मी आठ महिने ओळखत होते. त्यांनी मला दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं आणि विचारलं, "गावी काय करतात गं सगळे?" मी म्हटलं, "हजेरी देतात." त्यांना कळलं नाही. मी ताट खाली ठेवलं आणि घरी आले. त्या रात्री रडले, खोटं कशाला सांगू. पण सकाळी उठले तेव्हा मला काय करायचं ते ठरलेलं होतं.

आमच्या ऑफिसात मराठी मंडळाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. सप्टेंबरच्या पानावर गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक. सगळ्यांचे पांढरे कुर्ते, भगवे फेटे, छातीवर मंडळाचा बिल्ला. पुढे अभिजित, एक हात वर. मागच्या रांगेत मी. ते पान मी स्कॅन केलं.

डेमोच्या दिवशी बोर्डाचे चार जण समोर, बाजूला सार्जंट, माझ्याशेजारी अभिजित. सभा सगळ्यांना खुली असते, म्हणून मागच्या खुर्च्यांवर रॉय आणि डोरिन येऊन बसले होते. मी सिस्टिम उघडली आणि म्हटलं, नवी नोंद कशी करायची ते दाखवते.

आधी माझं नाव घातलं. घरातल्या कुणाचं पोलिसांत नाव? आजोबा, बाप, दोन काका. टिक. अंगावर गोंदण? मनगटावर लहानपणीचं आहे, बाही वर करून दाखवलं. टिक. ठरावीक रंगाचे कपडे? कॅलेंडरचा फोटो चढवला. टिक. लाल अक्षरं आली. सदस्य. बोर्डाचे लोक हसले. त्या दिवशी ठशांच्या टेबलापाशी क्लार्क बाई आणि सार्जंट हसले होते तसेच. या वेळी मी हसले नाही.

मग अभिजितचं नाव घातलं. ठरावीक रंगाचे कपडे, टिक. छातीवर खूण, टिक. यादीतल्या माणसाबरोबर दिसला, टिक. त्याचा हात वर केलेला फोटो, आणि खाली लाल अक्षरांत सदस्य.

आता कुणी हसलं नाही. सार्जंट म्हणाला की हे बरोबर नाही, यांना आम्ही ओळखतो, हे सभ्य गृहस्थ आहेत. मी म्हटलं, डोरिनलाही सगळे ओळखतात. तिचा फोटो उघडला. तो शर्ट कसला, ते जेवण कसलं, फोटो कुठल्या भिंतीवरून आला, सगळं सांगितलं. अभिजितचं नाव आता काढून दाखवा, असंही म्हटलं. बटणच नव्हतं.

अभिजित उठला आणि इंग्रजीत म्हणाला की हिला हल्ली बरं नसतं, स्ट्रेस आहे. मग माझ्याकडे वळून मराठीत, दात आवळून, "माझं नाव काढ आधी." आपला तो बाब्या. डोरिनचं नाव महिनाभर तिथे होतं तेव्हा फेज टू होती.

बोर्डाने डेमो थांबवला. विचार करू म्हणाले. एवढंच.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती क्लार्क बाई उभी होती, माझी बोटं धरणारी. सार्जंटने तिला काहीतरी सांगितलेलं. तिने टेबलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, जाण्याआधी तुझी बॅग इथे रिकामी कर.

माझ्या शेजारी अभिजित. त्याच्याही खांद्याला बॅग.

"आणि यांची?" मी विचारलं.

"त्यांची गरज नाही."

अभिजित जमिनीकडे बघत होता. मला फळा दिसला, आणि बेचाळीस पोरं. माझा हात सवयीने बॅगेच्या चेनकडे गेला होता. तो मी मागे घेतला.

"मग माझीही नाही," मी म्हणाले.

कंपनीचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. गळ्यातला बिल्ला काढून त्यावर ठेवला. बॅग खांद्यावर घेतली आणि चालत दारापर्यंत गेले. दारापर्यंत बावीस पावलं होती. मागून हाक आली, मी थांबले नाही. त्यांनी मला अडवलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. बॅग उघडली नसती, एवढं माहीत आहे.

पार्किंगमध्ये डोरिन रॉयच्या गाडीला टेकून उभी होती. मला वाटलं काहीतरी बरं बोलेल. हात तरी धरेल.

"हा नियम तू लिहिलास," ती म्हणाली. "त्या दिवशी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"मग आता लिहून दे."

एवढं बोलून गाडीत बसली. माझ्यावर विश्वास का ठेवावा तिने? मीही ठेवला नसता.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. व्हिसा कंपनीचा, त्यामुळे तोही गेल्यातच जमा. यादी अजून चालू आहे. डोरिनचं नाव अजून त्यात आहे. तिच्या परवानगीची सुनावणी सोमवारी काउंटीच्या कचेरीत आहे आणि साक्षीदारांत माझं नाव आहे. मी परतीचं तिकीट मंगळवारचं काढलं आहे. अभिजितने काल फोन केला. म्हणाला, असलं काही लिहून देऊ नकोस, पुढे कुठे जॉब मिळणार नाही, आणि त्यात ते जातीचं कशाला घालतेस यार, इथे कुणाला कळतंय?

मी फोन ठेवला आणि कागद पूर्ण केला. पहिल्या ओळीत लिहिलंय: मी पारधी आहे. कायद्याने माझ्या आजोबांना जन्मतःच चोर ठरवलं होतं. दुसऱ्या ओळीत: हा नियम मी लिहिला. तिसऱ्या ओळीत: तो खोटा आहे. खाली माझी सही, पूर्ण नावाने.

सोमवारी तिथे सार्जंट असेल, ती क्लार्क बाई असेल, कदाचित अभिजितही. कोण आहेस, कुठली आहेस, तुझं यात काय, सगळं विचारतील. पुन्हा ठसे द्या म्हणाले तर दहाही बोटं देईन. घाम आला तर येऊ दे. पण कुणी हसलं तर मी हसणार नाही. आणि डोरिनचं नाव त्या यादीतून कसं निघणार, याचं उत्तर मिळेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही. मंगळवारचं विमान गेलं तर जाऊ दे.